१९९३ चा 'नवा' ताप आणि म्युझियमच्या फ्रीजरमधले जुने उंदीर

निंबोणी:

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणता वर्ष गेलं, आज बसलेच.

मी मागे तीन वर्षं अमेरिकेत एका विद्यापीठाच्या म्युझियममध्ये कामाला होते, सस्तन प्राण्यांच्या विभागात. म्युझियम म्हटलं की आपल्याला काचेच्या कपाटातला पेंढा भरलेला वाघ आठवतो, तसलं तिथे काही नव्हतं, नुसती लोखंडी कपाटं आणि त्यात खण. खण ओढला की ओळीने पालथे ठेवलेले शंभर-दीडशे उंदीर, पोटात कापूस, शेपटीत तार, आणि मागच्या पायाला दोऱ्याने बांधलेलं एक लेबल. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, अगं सगळे सारखेच तर दिसतायत, एकाच जातीचे एवढे कशाला लागतात? तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर मोठं आहे, ते इथे सांगते.

मे १९९३. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो, युटा ही चार राज्यं जिथे एका टोकाला मिळतात तो भाग. एक नावाहो (तिथल्या मूळ रहिवाशांची एक जमात) तरुण, चांगला धावपटू, धडधाकट. त्याची होणारी बायको काही दिवसांपूर्वीच आजारी पडून गेली होती, तिच्या अंत्यविधीला निघालेला असताना वाटेतच त्याला दम लागला आणि बघता बघता तो गेला. फुप्फुसं पाण्याने भरलेली. डॉक्टरांनी आसपासच्या दवाखान्यांत चौकशी केली तर अशीच तरुण माणसं आणखी गेलेली निघाली. ताप, अंगदुखी, आणि मग एकदम श्वासच संपतो. फ्लू नाही, प्लेग नाही, मग काय?

सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, रक्त तपासलं तर ते हंटाव्हायरसच्या चाचण्यांना प्रतिसाद देत होतं. हे कोणालाच अपेक्षित नव्हतं, कारण तोवर माहीत असलेले रोगकारक हंटाव्हायरस आशिया-युरोपातले, आणि ते मुख्यतः किडनीवर जातात, फुप्फुसावर नाही. मग घरांच्या आसपास सापळे लावून उंदीर पकडले आणि व्हायरस सापडला डिअर माऊसमध्ये. हा वरून तपकिरी, पोट पांढरंशुभ्र, डोळे मोठे, दिसायला अगदी गोड उंदीर. त्याच्या सुकलेल्या मुतालेंड्यांची धूळ श्वासातून आत जाते, एवढंच पुरतं.

पण आता खरा प्रश्न. हा व्हायरस आला कुठून? नवीन आहे की जुनाच? लोकांत भलतंसलतं सुरू झालेलं, जवळ लष्कराचा जुना डेपो होता, तिथूनच काहीतरी जैविक अस्त्र सुटलंय असं बोललं जायला लागलं. नावाहो लोकांना तर हॉटेलात वाढायला लोक घाबरायचे, पेपरात 'नावाहो फ्लू' असं छापून यायचं. स्वतःची माणसं गमावलेल्यांवरच हा बट्टा.

उत्तर होतं न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या म्युझियम ऑफ साउथवेस्टर्न बायोलॉजीमध्ये. तिथे टेरी येट्स आणि त्यांचे सहकारी कितीतरी वर्षं उंदीर जमवताना नुसती कातडी आणि कवटी न ठेवता काळीज, फुप्फुस, मूत्रपिंडाचे तुकडेही गोठवून ठेवत होते. कशासाठी, तर उंदरांच्या जातींची नाती शोधायला. व्हायरस वगैरे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. ते जुने तुकडे बाहेर काढून तपासले आणि १९९३ च्या आधीच्या उंदरांतही व्हायरस निघाला. कॅलिफोर्नियाच्या पूर्व भागात १९८३ साली पकडलेल्या डिअर माऊसमध्येही पुढे तो सापडला. म्हणजे व्हायरस तिथलाच, जुना, उंदरांबरोबर राहणारा. अस्त्र नाही, कोणी बाहेरून आणलेलंही नाही.

मग १९९३ मध्येच का उसळला? त्याचं उत्तर जवळच्या सेव्हिएटा इथल्या अभ्यासक्षेत्रात मिळालं. तिथे रॉबर्ट पारमेंटर आणि मंडळी वर्षानुवर्षं उंदीर मोजत होती. एल निन्योमुळे पाऊस आणि बर्फ भरपूर, गवत माजलं, पिन्यॉन नावाच्या चिलगोज्यासारख्या बिया ढिगाने आल्या, आणि उंदीर जवळपास दहापट झाले. एवढे उंदीर मग घरात, कोठारात, गाडीखाली शिरणारच. नावाहो वडीलधारी माणसं हेच सांगत होती की पाऊस जास्त, पिन्यॉन जास्त, की उंदीर जास्त आणि मग माणसं मरतात, उंदराला घरात घेऊ नका. त्यांचं म्हणणं आणि फ्रीजरमधला पुरावा एकमेकांना जुळला. हे वाचताना माझ्या तरी अंगावर काटा येतो.

व्हायरसला तिथल्या एका दरीचं नाव, किंवा चार राज्यांच्या त्या भागाचं 'फोर कॉर्नर्स' हे नाव द्यायचं चाललं होतं, स्थानिकांनी हरकत घेतली, शेवटी नाव पडलं 'सिन नोम्ब्रे', स्पॅनिशमध्ये 'बिननावाचा'.

आईच्या प्रश्नाचं उत्तर हे. एक उंदीर ठेवला तर जात कळते. वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या जागांचे शेकडो ठेवले तर त्या त्या दिवशी त्या रानात काय चाललं होतं ते कळतं, आणि आपण तेव्हा न विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर त्यात पडून असतं.

पायवाट:

वा, मस्त धागा, वाचनखूण साठवली. एक बेसिक शंका, ते तुकडे ठेवतात कसे? आमच्याकडे मटण फ्रीजरमध्ये महिनाभर राहिलं तरी वास येतो, आणि इथे दहा-दहा वर्षांनी व्हायरस सापडतो म्हणताय.

निंबोणी:

@पायवाट, तेच तर कौशल्य आहे. मी केलंय ते सांगते. सकाळी सापळ्यातला उंदीर टेबलावर आला की आधी मोजमाप, एकूण लांबी, शेपटी, मागचा पाय, कान, वजन. मग पोटाला बारीक चीर देऊन कातडी उलटी सोलायची, मोजा काढतो तशी, ओल यायला लागली की मक्याचं पीठ भुरभुरायचं म्हणजे केस चिकटत नाहीत. पण त्याच्याही आधी काळीज, फुप्फुस, प्लीहा, मूत्रपिंड छोट्या कुपीत, आणि कुपी लगेच द्रव नायट्रोजनमध्ये. लगेच म्हणजे लगेच, कारण आरएनए, म्हणजे हंटासारख्या व्हायरसची जनुकीय माहिती ज्यात असते ते, फार नाजूक, आपल्या हातावरच्या घामातली विकरं (एन्झाइम्स) सुद्धा ते चिरून टाकतात. उणे १९६ अंशाला सगळं जागच्या जागी थांबतं. घरच्या फ्रीजरमध्ये उणे अठरा, आणि डीफ्रॉस्ट होताना वरखाली होत राहतं, ते वेगळंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेबल. न पुसणाऱ्या काळ्या शाईने जागा, तारीख, उंची, कोणी पकडला, क्रमांक. कुपीवर, कातडीवर, कवटीवर तोच क्रमांक. आमच्या बाई म्हणायच्या लेबल गेलं की उरलं ते फक्त चामडं.

जुईली:

मला जरा उलट बोलायचंय, राग मानू नका. एवढे जीव मारून खणात रचून ठेवायचे हे मला पटत नाही. आता तर थुंकीचा, विष्ठेचा नमुना घेऊन प्राणी सोडून देता येतो ना? मग मारायचं कशाला? शंभर वर्षांपूर्वी साहेब लोक बंदूक घेऊन फिरायचे ते वेगळं.

निंबोणी:

@जुईली, राग कसला, हा प्रश्न मलाही तिथे पहिल्या दिवशी पडला होता आणि पहिला उंदीर सोलताना हात थरथरले होते. नमुना घेऊन सोडणं शक्य असेल तिथे तेच करावं, वटवाघळांच्या बाबतीत बरेच जण तसंच करतात. पण स्वॅब घेताना तुम्ही आधीच ठरवलेलं असतं की काय शोधायचंय. हंटाव्हायरस फुप्फुसात सापडतो, दुसरा कुठला काळजात, तिसरा मेंदूत, आणि उद्याचा कुठे असेल ते आज कोण सांगणार. शिवाय खारी, चिचुंद्र्या, उंदीर यांच्या कितीतरी जाती नुसत्या बघून ओळखता येत नाहीत, कवटी आणि दात बघावे लागतात. व्हायरस सापडला आणि यजमान प्राणी कोण तेच चुकलं तर सगळंच मुसळ केरात.

पण मला तुमचं अर्धं म्हणणं शंभर टक्के मान्य आहे. ज्या प्राण्याचा जीव घेतलाच आहे त्याचा प्रत्येक तुकडा जपणं हे आपलं देणं लागतं. मी काम केलं त्यानंतर एका ठिकाणी, नाव घेत नाही, जोडून आलेल्या सुट्ट्यांत उणे ऐंशीचा फ्रीजर बंद पडला. अलार्मचा मेसेज ज्या नंबरवर जायचा तो माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला. मंगळवारी दार उघडलं तर खाली पाणी, आणि सगळ्या कुप्या मऊ. त्यात माझ्या मैत्रिणीचे दोन पावसाळ्यांचे नमुने होते. ती तिथेच जमिनीवर बसली, रडलीसुद्धा नाही. ते जीव खऱ्या अर्थाने फुकट गेले असं मला वाटतं.

अण्णा_पेठकर:

धागा आवडला. ताईंनी चिचुंद्रीचा उल्लेख केला म्हणून भर घालतो. मी विषाणूशास्त्रात काही वर्षं काढली आहेत, आता निवृत्त.

हंटाव्हायरस म्हटलं की सगळे कोरियाचं नाव घेतात. हो वांग ली यांनी १९७६ ला शेतातल्या पट्टेरी उंदराच्या फुप्फुसात तो दाखवला, हंतान नदीवरून नाव पडलं, ते योग्यच आहे. पण त्याच्या बारा वर्षं आधी, १९६४ साली, आपल्या वेल्लोरजवळ तोट्टापाळयम इथे पकडलेल्या एका चिचुंद्रीतून एक विषाणू वेगळा केला गेला होता. हीच आपली घरातली चिचुंद्री, रात्री भिंतीच्या कडेने चिकचिक करत पळणारी, जिच्या वासाने मांजरसुद्धा तोंड फिरवते. तेव्हा त्याला डास-गोचिडांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंच्या यादीत टाकलं. तो हंटाव्हायरस आहे हे कळायला मधे दोन दशकांहून जास्त काळ गेला! म्हणजे हातात आलेला पहिला हंटाव्हायरस भारतातला, आणि तो उंदराचा नव्हेच. चिचुंद्री उंदीर नाही हे बऱ्याच लोकांना आजही माहीत नसतं, ती कीटक खाणारी, दात बघा, टोकदार सुईसारखे.

गंमत पुढे आहे. सगळ्यांचं मत असं होतं की हंटाव्हायरस उंदरांचेच, चिचुंद्रीत आला तो चुकून. हवाई विद्यापीठातले रिचर्ड यानागिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मान्य केलं नाही. साधारण २००७ पासून त्यांनी म्युझियमना पत्रं लिहून गोठवलेल्या चिचुंद्र्यांचे तुकडे मागवले, आणि एकामागून एक नवे हंटाव्हायरस निघायला लागले. स्वित्झर्लंडच्या चिचुंद्रीत, मिनेसोटाच्या चिचुंद्रीत, व्हिएतनामच्या. मग मोल, म्हणजे जमिनीखाली बोगदे करणारा तो आंधळ्यासारखा प्राणी, त्याच्यात. टेक्सासच्या रॉकपोर्टमध्ये १९८६ साली पकडलेल्या मोलचा तुकडा पंचवीसेक वर्षांनी बोलला. हंगेरीतल्या १९९९ च्या मोलमध्ये सापडलेला नोव्हा व्हायरस तर इतका वेगळा निघाला की वंशवृक्षाची फांदीच निराळी. पुढे वटवाघळांतही मिळाले. आता प्रश्न उलटा झालाय, की हे विषाणू आधी चिचुंद्री-मोल-वटवाघळांचे होते आणि उंदरांत नंतर गेले का. वेल्लोरची चिचुंद्री अपवाद नव्हती, तीच खरं सांगत होती.

निंबोणी:

अण्णा, हे इतकं सुंदर सांगितलंत. मी हेच दुसऱ्या भागात लिहिणार होते, आता गरज नाही.

पायवाट:

अण्णा +१. पण ज्या व्हायरसचं अस्तित्वच माहीत नाही तो शोधतात कसा? पीसीआरला तर आधी अक्षरं माहीत असावी लागतात ना, कोविडच्या वेळी तेच वाचलं होतं.

अण्णा_पेठकर:

बरोबर. म्हणून त्या कुळातल्या सगळ्या विषाणूंत जो भाग फारसा बदलत नाही तो पकडायचा. हंटाव्हायरसची जनुकं तीन तुकड्यांत असतात, त्यातल्या सगळ्यात मोठ्या तुकड्यात स्वतःची नक्कल करणाऱ्या विकराचा नकाशा असतो, तो बदलला तर विषाणूच मरेल, म्हणून तो पिढ्यानपिढ्या बराचसा तसाच राहतो. तिथे बसतील असे प्रायमर, म्हणजे पीसीआरला लागणारे जनुकीय अक्षरांचे छोटे तुकडे, थोडे ढिले बनवायचे, एकदोन अक्षरं इकडेतिकडे झाली तरी चालतील असे. लग्नपत्रिकेत आडनाव ओळखीचं दिसलं की नाव नवीन असलं तरी घराणं कळतं, तसं. आणि आता तर तुकड्यातलं सगळंच्या सगळं आरएनए वाचून काढतात आणि संगणकावर चाळतात.

मात्र रिकामी कुपी, जिच्यात काहीच नाही, ती प्रत्येक वेळी सोबत चालवायची. रिकाम्या कुपीतही विषाणू 'सापडला' तर तो तुमच्या टेबलावरचा. या एका चुकीने मोठमोठ्यांची तोंडं पोळली आहेत.

सिडनीकर_मावशी:

आमच्या इथलं पण सांगते. कोआलांना एक रेट्रोव्हायरस होतो, त्यांच्यात रक्ताचा कॅन्सर वगैरेशी त्याचा संबंध जोडतात. तो म्हणे हळूहळू त्यांच्या स्वतःच्या जनुकांतच शिरून बसतोय, आईबापाकडून पिल्लाला वारशात मिळतो. उत्तरेच्या कोआलांत सरसकट, दक्षिणेत कमी. सगळ्यांना वाटायचं हे अलीकडचं असणार. मग बर्लिनच्या लोकांनी जगभरच्या म्युझियममधली कोआलाची जुनी कातडी तपासली, अगदी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासूनची, आणि उत्तरेत तो तेव्हाच पसरलेला होता. आमच्या ग्रुपवर हे कोणीतरी टाकलं तेव्हापासून म्युझियममधल्या त्या धुळकट कोआलाकडे बघायची माझी नजरच बदलली.

जुईली:

मावशी, पण ती तर सुकी कातडी. वर म्हणताहेत लगेच नायट्रोजनमध्ये टाकावं लागतं.

निंबोणी:

चांगलं पकडलंत. सुक्या कातड्यात आरएनए जवळपास संपलेलं असतं, पण डीएनएचे बारीक बारीक तुकडे शंभर वर्षंही तग धरतात. रेट्रोव्हायरस यजमानाच्या डीएनएत स्वतःला शिवून घेतो म्हणून तो कातड्यातही मिळतो. मंकीपॉक्सचा व्हायरस तर डीएनएचाच. तो माणसाच्या नजरेला पहिल्यांदा पडला १९५८ मध्ये, कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतल्या माकडांत, म्हणून नाव तसं. माणसात पहिली नोंद १९७० ची. पण मध्य आफ्रिकेतल्या दोरखारींची (रोप स्क्विरल, तिथल्या खारींचा एक प्रकार) एक हजारावर म्युझियममधली कातडी तपासली तर ९३ मध्ये त्याच्या खुणा मिळाल्या आणि त्यातली सगळ्यात जुनी खार १८९९ ची! म्हणजे नाव पडायच्या साठेक वर्षं आधीपासून तो पुरावा खणात डांबरगोळ्यांच्या वासात पडून.

फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेलं मात्र अवघड. फॉर्मॅलिन सगळं एकमेकांना चिकटवून टाकतं. अशक्य नाही, बर्लिनच्या एका वैद्यकीय संग्रहातल्या १९१२ सालच्या फुप्फुसातून गोवराचा व्हायरस वाचून काढलाय, पण घाम काढतं. आणि जुन्या कातड्यांना आर्सेनिकचा साबण लावलेला असतो, त्यामुळे कोणी हौसेने हात लावू नये, ग्लोव्हज घालूनच.

आरएनएचं म्हणाल तर कंबोडियाचं उदाहरण ताजं आहे. २०१० मध्ये तिथल्या उत्तर भागात नालपट्टी वटवाघळांचे, म्हणजे नाकावर घोड्याच्या नालासारखी घडी असते ती, नमुने घेऊन गोठवले होते, हेतू होता वटवाघळांच्या जाती मोजणं. कोविड आल्यावर कोणाला तरी आठवलं, फ्रीजर उघडला, आणि कोविडच्या व्हायरसशी ९२ टक्क्यांहून जास्त जुळणारा व्हायरस निघाला. दहा वर्षं तो तिथेच होता.

काजूबाग:

मी दोडामार्गचा. हे सगळं वाचून राहवलं नाही. २०१६ साली आमच्याकडे माकडताप आला, आधीच्या वर्षी पलीकडे गोव्यात सत्तरीत. काजूच्या दिवसांत. बागेत माकडं मरून पडलेली दिसायची, आम्हाला काय कल्पना, पोरं काठीने ढकलून बाजूला करायची. माझ्या काकाला दोन आठवडे ताप, डोळे लालभडक, वाचला तो. लोक म्हणायचे आमच्या गावाला नजर लागली. मला विचारायचंय, हा व्हायरस आमच्या रानात आधीपासून होता की कर्नाटकातून तेव्हाच आला? ते कळू शकतं का जुन्या माकडांवरून?

अण्णा_पेठकर:

दादा, काका बरे झाले हे वाचून बरं वाटलं. माकडताप म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ मध्ये शिमोग्याकडे वानरं-माकडं पटापट मरायला लागली तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्था), शोधून काढलेला. गोचिडांतून पसरतो. तुमचा प्रश्न अगदी तोच आहे जो न्यू मेक्सिकोच्या लोकांनी विचारला होता.

उत्तर जुन्या माकडाच्या कातड्यावरून मिळणं कठीण, कारण हा आरएनएचा विषाणू. तुमच्या रानातले वीस-तीस वर्षांपूर्वीचे उंदीर, चिचुंद्र्या, गोचीड कोणी नीट गोठवून, जागा-तारीख लिहून ठेवले असते तर आज तपासता आले असते.

निंबोणी:

@काजूबाग, तुमच्या या एका प्रश्नासाठीच हा धागा काढला होता असं समजा.

आपल्याकडे जमवण्याची परंपरा नाही असं कोणी म्हणू नये. बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण १९११-१२ ला सुरू झालं आणि त्याचा पहिला अहवाल कुठला, तर आपल्या खानदेशचा. नमुने मुंबईत आहेत, लंडनच्या म्युझियममध्ये आहेत, लेबलं शाबूत आहेत. आणि पुण्याच्या एनआयव्हीने २०१० साली महाराष्ट्रात पकडलेल्या वटवाघळांतून मालसूर नावाचा अगदी नवा व्हायरस शोधलाच की. दोन्ही बाजूंना माणसं आहेत, हात आहेत. फक्त प्राणी ओळखणारे एका इमारतीत आणि विषाणू ओळखणारे दुसऱ्या इमारतीत, असं नको व्हायला. एकच उंदीर, त्याची कातडी इकडे, काळजाचा तुकडा तिकडे, क्रमांक एकच. १९९३ मध्ये अल्बुकर्कीला हेच कामी आलं, आणि मला हे आपल्या सह्याद्रीत व्हायला हवंय, मनापासून हवंय.

पायवाट:

हे असले जुने व्हायरस उकरून काढताना सुटले तर? घरच्यांनी विचारलं, मला उत्तर देता आलं नाही.

अण्णा_पेठकर:

तुकडा ज्या द्रावणात टाकतात त्यात पहिल्या काही मिनिटांतच विषाणूचं कवच फुटतं, उरतात फक्त वाचायची अक्षरं. कातड्यातून तर जिवंत काही निघतच नाही. ताज्या गोठवलेल्या तुकड्यात मात्र जिवंत असू शकतो, म्हणून तो बंदिस्त कपाटातच, पूर्ण काळजी घेऊन उघडतात. खरी भीती रानातला सापळा उघडताना आणि बंद खोली झाडताना. उंदरांची लेंडी दिसली तर झाडू मारू नका, आधी ब्लीचचं पाणी शिंपडा, थांबा, मग ओल्या फडक्याने पुसा.

शाळामास्तर_६२:

उशिरा आलो. मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. प्रयोगशाळेच्या माळ्यावर एक कपाट आहे, काल किल्ली मागून मुद्दाम उघडलं. वीसेक बरण्या, अर्ध्यांतलं पाणी आटलेलं. एका पुठ्ठ्याच्या खोक्यात सहा सुकी कातडी, त्यात एक चिचुंद्री. लेबलवर माझ्याच सरांचं अक्षर, 'मुलांचे वसतिगृह, कोठीची खोली, १४ ऑगस्ट १९७८, मादी'. पुढच्या महिन्यात ती खोली पाडून कॉम्प्युटर लॅब होणार आहे, सामान भंगारात काढायचं ठरलंय. काय करू?

निंबोणी:

सर, आधी काहीच पुसू नका, धुऊ नका, बरणीत नवीन फॉर्मॅलिन ओतू नका. ग्लोव्हज घाला, कातडी उचलताना पायाला बांधलेल्या लेबलाला धरून उचलू नका. प्रत्येक लेबलाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मागे पेन्सिलने लिहिलेलं असतं कधीकधी. सरांची जुनी वही, रजिस्टर काही सापडतंय का बघा, क्रमांक जुळला तर सोन्याहून पिवळं. खोकं तसंच कोरड्या जागी, वर 'टाकू नये' लिहून आणि तुमचा फोन नंबर लिहून ठेवा. मी उद्या सकाळी तुम्हाला व्यक्तिगत निरोप करते, संग्रह सांभाळणाऱ्या दोघांशी बोलून.